शिक्का राजाचा, हात आपला

नाण्यावर शिक्का राजाचा असतो. मग त्या नाण्याने होणाऱ्या व्यवहाराची जबाबदारी कोणाची?

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती क्षत्रप राजा नहपानाची होती. त्याला जिंकणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर आपली चिन्हे ठोकली. तरी नव्या ठशाखाली नहपानाचा चेहरा कित्येक नाण्यांवर अजून ओळखू येतो. राज्य पालटले, चांदी तीच राहिली.

आम्ही कुकटपल्लीकर ज्या तेलंगणात राहतो, तेथेही कोटिलिंगाल व पेद्दबंकूर येथे सातवाहनांची नाणी मिळाली आहेत. त्यांत शिशाची आणि हलक्या मिश्रधातूचीही आहेत. चांदीच्या नाण्याने राजाची कीर्ती मिरवावी. रोजच्या बाजारहाटाला ही साधी नाणीच उपयोगी पडत.

बाजारात राजा हजर नसतो. तेथे देणारा व घेणारा एवढेच समोरासमोर असतात. फाटकी नोट बँकेत बदलून मिळते. पण तेवढी सवड कोण काढतो? ती घडी घालून भाजीवालीच्या हातात सरकवली जाते. दुकानदार ती परत करील, अधिकारी तर हातही लावणार नाही. ज्याला नकार देण्याची ताकद नाही, त्याच्यापाशीच खोटे नाणे येऊन थांबते. “नोट सरकारची आहे, सरकारने पाहावे,” असे म्हणून आपली सुटका होत नाही. सरकार नोटेची हमी देते, आपल्या नियतीची नाही.

कराविषयी प्रश्न आला तेव्हा प्रभूने नाणे मागून घेतले आणि त्यावर मुखवटा कोणाचा, हे विचारले. कैसराचे कैसराला देणे त्या मानाने सोपे आहे. तो वसूल करून घेतोच. पण देवाची प्रतिमा नाण्यावर नसून माणसावर आहे. त्या भाजीवालीवर गरिबीने, जातीने, कर्जाने एकावर एक कितीही ठसे मारले असोत, खालची प्रतिमा पुसली गेलेली नाही. तिला फसवणारा देवाचे देणे बुडवतो.

शब्बाथशाळेत हा प्रसंग शिकवताना शिक्षकांनी मुलांना नाणे जरूर दाखवावे. त्यावर चित्र कोणाचे, हे विचारावे. आणि ते उद्या कोणाच्या हातात जाणार, हेही विचारावे.