खिन्न मन हें पाप आहे काय?

मंडळींतील एखादा मनुष्य कित्येक आठवडे अंथरूण सोडीत नाहीं, जेवत नाहीं, कोणाशीं बोलत नाहीं, "मी नसतों तर बरें झालें असतें" असें म्हणतो. तेव्हां आपण त्याजविषयीं काय बोलतों? कोणी म्हणतो, हा आळशी आहे. कोणी म्हणतो, ह्याचा विश्वास कमी पडला. मीही एकदां असाच बोललों. एका खिन्न बहिणीस मीं सांगितलें, "बाई, अधिक प्रार्थना करा, म्हणजे मन प्रसन्न होईल." त्यानंतर ती उपासनेस येईनाशी झाली. तिच्या मनावर आधींच जें दोषाचें ओझें होतें, त्यावर मीं आणखी एक धोंडा ठेविला, हें मला मागाहून समजलें. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार करणें अगत्याचें आहे.

इंग्लंडांत विल्यम कूपर नांवाचा कवि होऊन गेला. त्याचा जन्म १७३१ सालीं झाला, व लहानपणींच त्याची आई वारली. १७६३ सालीं एका सरकारी जागेसाठीं त्याची परीक्षा व्हावयाची होती. त्या भीतीनें त्याचें मन ढासळलें व त्यानें जीव देण्याचा प्रयत्न केला. आप्तांनीं त्यास सेंट ऑल्बन्स येथें डॉक्टर नथॅनिएल कॉटन ह्यांच्या देखरेखीखालीं ठेविलें. तेथें तो बरा झाला. पुढें ओल्नी गांवीं पाळक जॉन न्यूटन ह्यांच्या सोबतीनें त्यानें भक्तिगीतें रचिलीं. तीं दोघांचीं गीतें १७७९ सालीं छापून निघालीं. परंतु त्यापूर्वींच, १७७३ सालीं, तो पुनः आजारी पडला होता. देवानें आपणांस टाकून दिलें आहे, असें त्याच्या मनानें घेतलें. आणि १८०० सालीं तो मरण पावला तोंपर्यंत ही समजूत त्याच्या मनांतून पुरती गेली नाहीं.

आतां विचार करा. ज्याच्या गीतांनीं अनेकांस धीर दिला, त्यास स्वतःला धीर घेतां आला नाहीं. हा अविश्वासी होता असें म्हणावें काय? माझ्या मतें नाहीं. पाय मोडला म्हणजे मनुष्य आपण होऊनच वैद्यास बोलावितो. कारण पाय दुखत असला तरी त्याची विचारशक्ति शाबूत असते. ह्या आजारांत मात्र, ज्या मनानें धीर धरावयाचा, तेंच मन आजारी असतें. म्हणून असा मनुष्य स्वतःविरुद्ध जी साक्ष देतो, ती खरी धरूं नये. आणि "तुझाच दोष" असें म्हणून आपण तिला दुसरी साक्ष जोडली, तर ती खोटी साक्ष होय.

कोणी विचारील, पश्चात्तापाचें दुःख असतें तें काय? तें असतें खरें. परंतु त्यास बहुधा कांहीं ठराविक कारण असतें, व चूक कबूल करून भरपाई केली म्हणजे तें हलकें होतें. आजारी मनाचा दोषभाव क्षमेनेंही हलका होत नाहीं. तो सर्व गोष्टींवर पसरतो. दोहोंची निवड वरवर पाहून कोणासही करतां येत नाहीं; म्हणून निवाडा करण्याची घाई न करितां प्रथम वैद्यास दाखवावें.

दोन आठवडे किंवा अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास असणें, कशांतच गोडी न वाटणें, झोंप व भूक बिघडणें, मरणाचे विचार येणें, हीं ह्या आजाराचीं लक्षणें होत. कूपरच्या काळीं ह्यावर औषध नव्हतें, आज आहे. औषधाचा गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात. म्हणून चार दिवसांत गुण नाहीं म्हणून, किंवा बरें वाटूं लागलें म्हणून, डॉक्टरांस न विचारितां तें बंद करूं नये. जाणत्या सल्लागाराशीं नियमित बोलण्यानेंही गुण येतो. फारच कठीण आजारांत भूल देऊन विजेचा उपचार करितात. त्यास भिऊं नये. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत चौकशी करावी. २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारी टेलि मानस सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर मराठींतही फुकट बोलतां येतें.

"जीव द्यावासा वाटतो काय?" असें प्रेमानें विचारण्यास कचरूं नका. विचारल्यानें तो विचार मनांत शिरत नाहीं; उलट ओझें हलकें होतें. उत्तर होकारार्थी आलें तर त्यास एकटें सोडूं नका, शेतीचें विषारी औषध घरांतून दूर न्या, व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे चला.

न्यूटन ह्यांनीं काय केलें? त्यांनीं कूपरला वर्षभराहून अधिक काळ आपल्या घरीं ठेवून घेतलें. मेरी अन्विन नांवाच्या बाईनें त्याची शुश्रूषा केली. पुढें हळूहळू तो बागेंत काम करूं लागला, सुतारकाम करूं लागला, तीन ससे पाळूं लागला. आणि १७८५ सालीं त्याचें मोठें काव्य प्रसिद्ध झालें. आजार समूळ गेला नाहीं. पण माणूस राखला गेला.

एलीया संदेष्टा रानांत झुडपाखालीं मरण मागत निजला, तेव्हां त्यास प्रथम बोल लावण्यांत आला नाहीं. त्यास भाकर व पाणी मिळालें, पुनः निजूं दिलें, पुनः खाऊं घातलें. पुढील कामाची गोष्ट नंतर निघाली. मी त्या बहिणीच्या घरीं पुनः गेलों, तेव्हां उपदेश केला नाहीं. तिच्या नवऱ्यास व तिला घेऊन रुग्णालयांत गेलों. बंधुभगिनींनो, तुमच्या आळींतही असें एखादें दार बंद असेल. तें ठोठावा, आणि जातांना सोबत भाकर न्या.