रिकामी साथ

वऱ्हाडचा उन्हाळा ज्यानें भोगला आहे, त्यास येथील रात्रीची किंमत वेगळी सांगावयास नको. वैशाखांत अकोल्याचें ऊन दिवसभर माणसास घरांत कोंडून ठेवतें, आणि सूर्य मावळून बराच वेळ झाल्यावर मग कोठें गांव बोलूं लागतें. अशा वेळीं लोक देवळाच्या ओट्यावर बसत, भजन म्हणत, किंवा नुसत्याच गप्पा मारीत. आज त्याच्या जोडीस करमणुकीचा एक नवा प्रकार आला आहे, व अमरावती-अकोल्याच्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत तो चांगलाच रुजलेला दिसतो. दुकानावरची एखादी माडी किंवा लहानसें सभागृह भाड्यानें घ्यावयाचें, माणशीं शंभर रुपये वर्गणी जमवावयाची, चहा व आलुबोंडे मागवावयाचे, आणि यंत्रांतून निघणाऱ्या वाद्यांच्या साथीवर ज्यानें त्यानें आपल्या आवडीचें चित्रपटगीत म्हणावयाचें. ह्यास कराओके म्हणतात. जपानांत व मोठमोठ्या शहरांत हा प्रकार मद्यगृहांत चालतो. आमच्याकडे चहावर भागतें, आणि बरोबर बायकामुलें असल्यामुळें तें बरेंही आहे.

ह्या बैठकींस आम्ही दोन वर्षें जात आहों, व आमचाही गळा त्यांत खपून गेला आहे. तेव्हां ह्या विषयावर लिहितांना तिऱ्हाइताचा आव आम्हांस आणतां येणार नाहीं.

अमरावतीस आमचे एक स्नेही आहेत. गुरूजवळ बसून ते बारा वर्षें गाणें शिकले. त्यांस आम्ही एकदां आग्रहानें घेऊन गेलों. ते अर्ध्या तासांत उठले. वाटेंत म्हणाले, "बेसूर गाणं आणि खोटं बोलणं, मला यांत फरक दिसत नाही. आणि त्याला तुम्ही 'वा' म्हणता, म्हणजे खोट्याला साक्षीदारही मिळाला." शब्द कडक होते, पण उडवून लावण्यासारखे नव्हते. अरिस्टॉटलनें आपल्या राजनीतीवरील ग्रंथाच्या आठव्या भागांत तरुणांच्या शिक्षणाचा विचार करतांना असें म्हटलें आहे कीं, गाण्याची पारख येण्यासाठीं माणसानें लहानपणीं स्वतः गावें-वाजवावें, आणि वय झाल्यावर तें सोडलें तरी चालेल. आमच्या मंडळींचा क्रम नेमका उलटा आहे. लहानपणीं गाऊं लागले तर वडील रागावत. पुढें कचेरी व संसार. गाण्यास आरंभ झाला तो निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर. ह्या मंडळींचें दैवत म्हणजे किशोरकुमार. तो १९२९ सालीं खांडव्यास जन्मला, म्हणजे ज्या खांडव्यास अकोल्याहून अकोटवरून मीटरगेज गाडी जात असे तेथें. आणि शास्त्रोक्त शिक्षण त्यानें घेतलें नव्हतें. ह्या दोन गोष्टींचा सर्वांस मोठा आधार वाटतो. त्याच्या गळ्याची गोष्ट मात्र कोणी काढीत नाहीं.

कराओके ह्या जपानी शब्दाचा अर्थ 'रिकामा वाद्यवृंद' असा आहे. कोबे शहरांत दाइसुके इनोऊए नांवाचा एक वादक मद्यगृहांतून गिऱ्हाइकांच्या गाण्यास साथ करीत असे. त्यांपैकीं एकास सहलीस जावयाचें होतें, व तेथें गाण्याचा प्रसंग येणार होता. आपला आवाज कसा आहे हें इनोऊएस ठाऊक, म्हणून त्याचीच साथ त्या गृहस्थास हवी होती. इनोऊएस बरोबर जातां येईना, तेव्हां त्यानें आपली साथ फितीवर मुद्रित करून दिली. त्यांतून १९७१ सालीं नाणें टाकलें कीं साथ देणारें यंत्र निघालें. त्याचें पेटंट त्यानें घेतलें नाहीं. पुढें २००४ सालीं अमेरिकेंत थट्टेनें दिल्या जाणाऱ्या 'इग नोबेल' पारितोषिकांपैकीं शांततेचें पारितोषिक त्यास मिळालें. माणसांनीं एकमेकांस सहन करावयास शिकण्याची एक नवी रीत त्यानें काढली, असें त्याचें कारण देण्यांत आलें. आम्हांस त्या थट्टेहून फितीची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी वाटते. ती पहिली साथ एका विवक्षित गळ्यासाठीं, त्याच्या खोडी जाणून वाजविलेली होती. यंत्र झाल्यावर ती सर्वांची झाली, आणि कोणा एकाची राहिली नाहीं.

तबलजीस ज्यानें जवळून पाहिलें आहे त्यास हें लगेच कळेल. गाणारा समेवर चुकला तर तबलजी ठेका सांवरून धरतो, पेटीवाला हरवलेला सूर हळूच पुढें करतो, आणि पुष्कळदां श्रोत्यांस पत्ताही लागत नाहीं. ह्यास आपण 'सांभाळून घेणें' म्हणतों. नव्या सुनेस, नवशिक्या कारकुनास व चुकलेल्या गवयास मराठींत हा एकच शब्द लागतो, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. आमच्या वऱ्हाडांत तर ही रीत रस्त्यावरची आहे. तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला, आणि हातांत खंजिरी घेऊन गांवोगांव भजनें म्हटलीं व लोकांकडून म्हणवून घेतलीं. भजनी मंडळांत एकानें चरण उचलावयाचा व बाकीच्यांनीं तो मागून म्हणावयाचा; एकाचा गळा फुटला तरी दहा गळ्यांत तो झांकला जातो. यंत्रास कान नाहींत. पडद्यावरचीं अक्षरें रंग पालटीत पुढें सरकतात, आणि मागें राहिला तो मागेंच राहतो.

अकोल्याच्या बैठकींत एक वृद्ध गृहस्थ येतात. सर्वांच्या आधीं येऊन ते पहिल्या रांगेच्या टोकास बसतात, आणि यादींत आपलें नांव शेवटीं लिहितात. दुसऱ्याचें गाणें चालू असतां त्यांचा हात गुडघ्यावर ठेका धरून असतो. कोणी अंतऱ्याशीं अडखळला कीं ते पहिला शब्द, त्या एकट्यास ऐकूं जाईल इतक्याच आवाजांत, म्हणतात. आमचें गाणें त्यांनीं असें दोनदां सांवरलें आहे.

गेल्या वैशाखांत त्यांची पाळी येईपर्यंत पावणेअकरा झाले. आम्हांस अमरावतीस परतावयाचें होतें, मोटार मित्राची होती, आणि आमचें गाणें केव्हांच होऊन गेलें होतें. आम्ही आठ-नऊ जण उठलों. जिन्याखालीं वहाणा शोधीत असतां वर त्यांचें गाणें सुरू झालें. अंतरा आला आणि ते मागें राहिले. नुसतीं वाद्यें वाजत राहिलीं. तो शब्द आम्हांस ठाऊक होता, अगदीं ओठांवर होता. वर कोणी तो दिला नाहीं. आम्ही जिन्याशीं क्षणभर उभे राहिलों, इतक्यांत कोणीं तरी मोटार सुरू केली.

मूर्तिजापूरच्या वाटेवर आमच्या सोबत्यांनीं हिशेब मांडला. "शंभर त्यांनी दिले, शंभर आपण दिले. ज्याचा तो मोकळा." हिशेब चोख होता. परंतु शंभर रुपयांत माडीचें भाडें, यंत्र व आलुबोंडा येतो. त्या गृहस्थांनीं आम्हांस दिलेला शब्द त्या वर्गणींत कोठें धरावयाचा? बरें, तें ऋण मानलें तर दुसरीच अडचण उभी राहते. ऋण फेडण्यासाठीं ऐकणारा मनुष्य घड्याळाकडे पाहत ऐकतो, आणि गाणाऱ्यास तें समोरून स्पष्ट दिसतें. असें ऐकण्यापेक्षां उठून जाणें अधिक प्रामाणिक, असेंही एखादा म्हणेल. ह्या अडचणींतून आम्ही पुरते सुटलों आहों असें नाहीं. एवढें मात्र दिसतें कीं, तबलजीही बिदागी घेऊनच बसतो, गाणारा त्यास आवडत असतोच असें नाहीं, आणि तरीही त्याचा ठेका खोटा पडत नाहीं. ठेका जुळण्यास प्रेम लागत नाहीं. समोरचा कोठें चुकणार आहे इकडे लक्ष लागतें.

आणि येथें आमच्या अमरावतीच्या स्नेह्यांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. 'वा'विषयीं त्यांचें म्हणणें आम्ही आज मान्य करतों. आम्हीं पुष्कळ 'वा' खर्चिले आहेत, कांहीं तर भ्रमणध्वनीवरचा निरोप वाचतां वाचतां. परंतु त्या वृद्ध गृहस्थांनीं कोणासही 'वा' म्हटल्याचें आम्हांस आठवत नाहीं. ते फक्त सुटलेला शब्द देत. चुकलेल्यास बरोबर शब्द देणारा खोट्याचा साक्षीदार कसा ठरतो, हें आमच्या स्नेह्यांस विचारावयाचें राहून गेलें आहे.

पुढच्या महिन्यांत आम्ही पुन्हां अकोल्यास गेलों, व यादींत नांव घातलें नाहीं. त्या गृहस्थांनीं मागें वळून विचारलें, "आज तुमचं नाही का हो गाणं?" घसा बसला आहे असें आम्हीं सांगितलें, तें खरें नव्हतें. साडेदहा वाजून गेल्यावर त्यांचें नांव पुकारलें गेलें. तेंच गाणें होतें. अंतऱ्याशीं ते पुन्हां थबकले, आणि आम्हीं शब्द दिला. पण तो अंमळ लवकर दिला गेला, व आमचा सूर जेथें असावयास हवा होता तेथें नव्हता. त्यांनीं आमच्याकडे पाहून मान हलविली, तो शब्द जाऊं दिला, आणि पुढची ओळ आपली आपणच धरली.