किमान दोनशे, कमाल अडीच हजार

मर्यादित संख्येत निघणारी मोटार म्हटली की आज प्रतिष्ठा आणि गुंतवणूक या दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. चाळीस वर्षांपूर्वी या मोजणीमागचे कारण अगदी उलटे होते. १९८२ मध्ये रॅलीच्या जगात ‘ग्रुप बी’ हा वर्ग आला. ज्या गाडीच्या जोरावर स्पर्धेत उतरायचे, तिच्या किमान २०० गाड्या कारखान्याने बनवल्याच पाहिजेत, असा त्याचा नियम होता. प्यूजोने ‘२०५ टर्बो १६’ रस्त्यासाठी दोनशेच्या संख्येत काढली, ती या नियमापायी. संख्या ही तेव्हा स्पर्धेत शिरण्याची अट होती.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पोर्शने ‘९११ डकार’ जाहीर केली. वाळू, खडी, चिखल यांतून पळू शकणारी ही स्पोर्ट्स कार फक्त २५०० नगांत निघणार होती. एवढ्याच का, याचे उत्तर कोणत्याही स्पर्धेच्या नियमात सापडत नाही. पूर्वीचा आकडा ‘इतक्या तरी हव्यात’ म्हणायचा. हा ‘याहून जास्त नाहीत’ म्हणतो.

म्हणून ही गाडी निव्वळ देखावा ठरते का? तसे म्हणणे अभियंत्यांवर अन्याय होईल. स्पोर्ट्स सस्पेन्शनच्या ९११ कॅरेरापेक्षा ती ५० मिलिमीटर उंच आहे आणि बटण दाबले की आणखी ३० मिलिमीटर वर उचलली जाते. खडबडीत जमिनीसाठी तिला जाड खाचांचे, मजबूत कडांचे टायर दिले आहेत. त्या टायरांपायी कमाल वेग ताशी २४० किलोमीटरवर रोखावा लागला. इंजिन ४८० अश्वशक्तीचे असूनही! वेगाच्या आकड्यावर गाड्या विकणाऱ्या धंद्यात असा त्याग सहसा कोणी करत नाही. पूर्ण उचलूनही जमिनीपासूनचे अंतर १९१ मिलिमीटर भरते आणि नाशिकला बनणारी थार २२६ मिलिमीटरवर उभी असते, हे खरे. पण तीन-साडेतीन सेकंदांत शंभरचा वेग गाठणाऱ्या गाडीकडून थारचे काम मागणेही बरोबर नाही.

खोट आहे ती वारसा सांगण्यात. १९८४ च्या पॅरिस-डकार रॅलीत पोर्शने चारही चाकांना ताकद देणाऱ्या तीन ९११ उतरवल्या होत्या. रेने मेत्झ पहिला आला. जॅकी इक्स वायरिंगच्या बिघाडाने पार मागे फेकला गेला आणि तिथून सहाव्या क्रमांकापर्यंत चढला. तिसरी गाडी सव्विसावी आली. त्या विजयाच्या आठवणीसाठी नव्या गाडीवर, जादा पैसे मोजून, तसाच पांढरा-निळा रंग आणि लाल-सोनेरी पट्टे मिळतात. जुन्या गाड्यांवर झळकणाऱ्या सिगारेट कंपनीच्या नावाच्या जागी मात्र ‘रफरोड्स’ अशी अक्षरे आहेत. धुळीत कमावलेली ओळख इथे कारखान्यातून चिकटवून येते. पुढे संग्राहकांच्या बाजारात प्रत्येक ओरखडा किंमत उतरवतो, प्रत्येक किलोमीटर हिशेबात धरला जातो. म्हणजे गाडी ज्या कामासाठी बांधली, ते काम केले की मालकाचे नुकसान! टंचाई मुद्दाम निर्माण केली की वस्तूचा वापरच महाग पडतो.

लँबोर्गिनीची ‘उराकान स्टेरातो’ही याच वाटेची. कच्च्या रस्त्यासाठी उंच केलेली दहा सिलिंडरांची ही गाडी १४९९ नगांवर थांबली.

स्पर्धेतला वारसा पुढे कसा न्यायचा, हे पोर्शने स्वतःच एकदा दाखवले आहे. १९८४ च्या त्या खटाटोपानंतर पोर्शच्याच ‘९५९’ गाडीने १९८६ ची डकार जिंकली आणि १९८९ मध्ये चारही चाकांना ताकद देणारी ‘कॅरेरा ४’ नेहमीच्या यादीत आली. पैसे भरावेत आणि घ्यावी. नंबर लावायला अडीच हजारांची रांग नव्हती. उंच सस्पेन्शन आणि दणकट टायर ही सोय कोणत्याही ९११ वर, हव्या त्याला मागवता आली असती, तर गाड्यांची दुर्मिळता गेली असती आणि त्यांतल्या कितीतरी चिखलात उतरल्या असत्या. वाळवंटात जिंकलेल्या गाडीचा वारसा सांगणाऱ्या कंपनीने हा तोटा आनंदाने सोसायला हवा होता.