दिवा लागला, मार्क मिळाले

आयटीआयच्या प्रॅक्टिकलला मला जिन्याचं वायरिंग आलं होतं. लाकडी बोर्डावर दोन टू-वे स्विच आणि एक दिवा. दिवा लागला, मार्क मिळाले. लेखी पेपरात 'अर्थिंग का करतात?' याचं उत्तरही बरोबर आलं.

पुढे पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात वॉशिंग मशीनचा पॉइंट काढायला गेलो. वाड्याला अर्थिंगच नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला लूप मार." मारला. मशीन सुरू झालं. बॉडीला टेस्टर लावला, पेटला नाही. आजींनी चहा दिला.

रात्री झोप लागेना. उद्या न्यूट्रल मागे कुठे सुटला तर? मशीनमधून फिरून आलेला करंट त्या लूपवाटे थेट पत्र्यावर येणार. २३० व्होल्ट, आणि आजी ओल्या फरशीवर.

म्हणजे मला समजत होतं. मग दुपारी का नाही सुचलं? कारण परीक्षेत प्रश्न छापून येतो. वाड्यात तो आपणच स्वतःला विचारावा लागतो. शिवाय चुकीच्या वायरिंगनेही दिवा लागतो. स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर टाकून बघा, दिवा लागेल आणि विझेलही. झटका बल्ब बदलणाऱ्याला बसेल. दिवा लागला की मार्क, एवढंच बघणाऱ्या परीक्षेला हे दिसत नाही.

मग परीक्षा सोडा, अनुभव बघा? मिस्त्रींचा अनुभव तीस वर्षांचा. असे लूप त्यांनी कितीतरी मारले, त्यांच्यासमोर कधी काही झालं नाही. म्हणून तर त्यांना भीती नव्हती. आपल्यासमोर न घडलेलं पुस्तकातूनच कळतं. १९५६ चे वीज नियम, मग २०१० आणि २०२३ चे सुरक्षा नियम, यांत इतरांच्या चुकांमधून आलेलं शहाणपण आहे. ते पाठ करायलाच हवं.

फक्त परीक्षेने एक गोष्ट जास्त करावी. दिवा लागलेला बोर्ड समोर ठेवून विचारावं: या घरात तुझी आई राहील का? नसेल तर दोष शोध. वायरमनचा परवाना माझ्या हुशारीसाठी नसतो. आजींना भिंतीतलं तपासता येत नाही, म्हणून तो असतो.

दुसऱ्या दिवशी जाऊन लूप काढला आणि खरं काय ते सांगितलं. अंगणात खड्डा घेतला, पाइप, कोळसा, मीठ टाकून अर्थिंग केलं. मिस्त्री आठवडाभर बोलले नाहीत. आजींना काहीच फरक जाणवला नाही. मशीन आधीही चालतच होतं.