आधी देशकाल, मग संकल्प

दिवाळीच्या पाडव्याला व्यापाऱ्याची नवी वही सुरू होते आणि आम्हां पगारदार माणसांचे नवे संकल्प सुरू होतात. दोहोंत फरक एवढाच की, वहीतला हिशेब वर्षाअखेर कोणीतरी तपासतो. संकल्पांचा हिशेब मात्र कोणी मागत नाही. माझ्या जुन्या डायऱ्या चाळल्या, तर ‘प्रकृतीची काळजी घ्यायची’, ‘वाचन वाढवायचे’, ‘राग कमी करायचा’ ही तीन वाक्ये पहिल्या पानावर इतक्या नेमाने आढळतात की, ती डायरीबरोबर छापूनच येत असावीत अशी शंका यावी!

गेल्या वर्षी या सवयीला मांजरसुंब्यात धक्का बसला. बीडहून घाट चढून वर आले की बालाघाटाच्या माथ्यावर हे गाव लागते. धुळ्याहून सोलापूरला जाणारा महामार्ग आणि नगरकडून पाटोद्यावरून केज-अंबाजोगाईला जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. दिवाळी तोंडावर आली होती. मी अंबाजोगाईच्या गाडीची वाट पाहत चहा घेत होतो आणि समोरून ऊसतोड कामगारांचे ट्रॅक्टर चालले होते. ट्रॉलीत धान्याची पोती, भांडी, कोंबड्या, शेळ्या आणि त्या सगळ्यांवर बसलेली माणसे. दसरा-दिवाळीला निघालेली ही बिऱ्हाडे कारखान्यांचा हंगाम संपल्यावरच गावी परततात.

एक ट्रॅक्टर चहासाठी थांबला. शेजारच्या बाकावर येऊन बसलेल्या बाईंना मी सहज विचारले, “ताई, येत्या वर्षाचं काय ठरवलंय?”

“आमचं साल उचल घेतली तवाच ठरलं, दादा,” त्या म्हणाल्या. मग चहाचा घोट घेऊन पुढे म्हणाल्या, “पर एक ठरवलंय. पोरीला औंदा संगं आणली न्हाई. आजीपाशी ठेवलीय. सातवीत हाय. वाढं इकून पैसं येतेत, त्यातलं दोनशे रुपये दर बाजाराला तिला धाडायचे. परीक्षेपातुर शाळंत ऱ्हायली की झालं.”

ऊस तोडल्यावर शेंड्याचा जो हिरवा भाग उरतो, ते वाढे. ते जनावरांना वैरण म्हणून विकले जाते. मजुरी तर मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतच वळती होते. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता, आणि एक दिवस अंग मोडून आले तर खाडा. या बाईंनी आपल्या वर्षातून आपले नसलेले सारे आधी वजा केले होते. बाकी उरले ते वाढ्याचे पैसे. त्यांवर त्यांनी संकल्प बांधला. त्यात रक्कम होती, वार होता, मुदत होती आणि ज्याच्यासाठी करायचे ते माणूस होते. माझ्या तीन वाक्यांत यांपैकी काय होते?

घरी पूजेला बसले की गुरुजी संकल्पाआधी देशकाल उच्चारायला लावतात. आपण गोदावरीच्या दक्षिण तीरी आहोत की उत्तर तीरी, संवत्सर कोणते, मास कोणता, तिथी कोणती, करणारा कोण आणि करणार काय, हे सारे सांगून मगच पळीतले उदक सोडायचे. लहानपणी हे लांबण वाटे. लक्ष सारे प्रसादाकडे. आता वाटते, त्यात मोठे शहाणपण आहे. तू कोठे उभा आहेस ते आधी सांग, मग काय करणार ते बोल! आमचे संकल्प विरतात ते इच्छा दुबळी असते म्हणून नव्हे. त्यांना देशकालच नसतो. ‘वाचन वाढवायचे’ हे कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कोणते काम बाजूला सारून?

मात्र इथे एक धोका आहे. आवाक्यातले ठरवावे हे खरे. अंथरूण पाहून पाय पसरावेत हेही खरे. पण अंथरूण इतके तोकडे कापले कोणी, हे विचारायचे नाही काय? त्या बाईंच्या संकल्पाचे नुसते कौतुक करून मी गाडीत बसलो असतो, तर तो माझा अप्रामाणिकपणा ठरला असता. मुलगी शाळेत राहणे हे एकट्या आईच्या निर्धारावर अवलंबून नाही. आजीची प्रकृती, वाढ्याला मिळणारा भाव, आणि गावातले शासनाचे हंगामी वसतिगृह टोळ्या हलण्यापूर्वी उघडते की दिवाळी उलटल्यावर, यांवरही ते आहे. माणसाचा आवाका त्याच्या एकट्याच्या हातांनी ठरत नाही. त्यात शेजाऱ्यांचे हातही धरावे लागतात. म्हणून ‘माझ्याने काय होईल?’ या प्रश्नाला जोडूनच ‘माझ्यामुळे कोणाचे काय होईल?’ हाही प्रश्न वर्षारंभी विचारला पाहिजे.

यंदा डायरीत मी एकच ओळ लिहिली आहे. आमच्या घरामागच्या वस्तीत अशीच चार मुले आजी-आजोबांपाशी मागे राहिली आहेत. भाऊबीजेनंतरच्या रविवारपासून वार्षिक परीक्षेपर्यंत, दर रविवारी सकाळी नऊ ते दहा, त्यांचे गणित घ्यायचे. ओळ लहान आहे आणि मोडली तर लगेच कळेल अशी आहे, कारण हिशेब मागणारी चार तोंडे दारात उभी राहतील.

खडू आणून ठेवले आहेत.