विद्येचा खर्च कोणी सोसावा?

कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या वाटेवर, शहाड व टिटवाळा ह्यांच्या मध्ये, आंबिवली नावाचे स्टेशन आहे. जवळच मोहने येथे रेयॉनचा मोठा कारखाना होता. तो २००९ साली बंद पडला. त्या कारखान्याच्या पगारावर ज्यांची चूल पेटत असे अशा घरांपैकी एका घरचा मुलगा आज रसायनशास्त्रात डॉक्टरेटसाठी संशोधन करीत आहे. घरी पत्नी, दोन वर्षांची मुलगी व थकलेली आई आहे. तीन वर्षे सरली, दोन वर्षांचे काम उरले आहे, आणि विद्यावृत्ती तर त्याआधीच संपणार. अशा वेळी गुजरातेत भरूच जिल्ह्यातील एका कारखान्याने त्याला चांगल्या पगाराची नोकरी व राहावयास जागा देऊ केली आहे.

गेल्या महिन्यात एका सायंकाळी हे जोडपे मजकडे आले. तो म्हणाला, "पाळकसाहेब, शिक्षण अर्धे टाकले तर वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवले ते वाया जाईल. आणि नोकरी सोडली तर ह्या दोघींचे हाल होतील. मी काय करावे?" मी त्याच्या पत्नीकडे पाहिले. ती म्हणाली, "हे म्हणतील तसे." एवढे बोलून तिने मुलीला मांडीवर ओढून घेतले. त्या रात्री मला झोप आली नाही, ती त्याच्या प्रश्नामुळे नव्हे, तिच्या ह्या उत्तरामुळे.

आपल्या मंडळ्यांतून असा प्रसंग आला म्हणजे दोन मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, हातची भाकर सोडून दूरच्या मेजवानीकडे पाहू नये. शिक्षक मंडळी म्हणतात, विद्या हीच खरी मिळकत. दोन्ही पक्ष पुढे काय झाले ह्याचे दाखले देतात. अमक्याने नोकरी धरली व तो सुखी झाला, तमका शिकत राहिला व मोठा झाला. परंतु घराला निर्णय घ्यावा लागतो तो शेवट दिसण्यापूर्वी. शेवट पाहून दिलेला न्याय आधी निवड करणाऱ्याच्या उपयोगी कसा पडावा?

आंबिवलीहून दोनच स्टेशने अलीकडे कल्याण आहे. तेथे जिचे बालपण गेले ती आनंदीबाई जोशी आपणांस ठाऊक आहे. नवव्या वर्षी लग्न झाले. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. पत्नीस शिकविण्याचा गोपाळरावांचा ध्यास असा की त्यापुढे त्यांना काही दिसत नसे. १८७८ साली त्यांनी अमेरिकन मिशनकडे साहाय्य मागितले, तेव्हा ख्रिस्ती होण्याचा उपदेश उत्तरादाखल मिळाला. हे आपण मिशनच्या लोकांनी विसरू नये. तो पत्रव्यवहार छापून आलेला वाचून रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी मात्र कोणतीही अट न घालता हात पुढे केला. १८८३ साली आनंदीबाई आगबोटीने गेली, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकली, आणि ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाली. कोल्हापूर संस्थानाने आपल्या इस्पितळातील स्त्रियांच्या विभागाची जागा तिला देऊ केली. म्हणजे विद्या पुरी झाली, नोकरीही मिळाली. परंतु ती क्षयाने खंगून परतली व २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारली. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

दुसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे, पण त्याची मधली पाने आपण भराभर उलटतो. बडोदे संस्थानाच्या विद्यावृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच वर्षी वडील वारले होते, आणि मुलगा यशवंत वर्षाचाही नव्हता. १९१५ साली ते एम.ए. झाले, पुढच्या वर्षी लंडनला गेले. परंतु विद्यावृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. निघण्यापूर्वी एक गोष्ट त्यांनी केली: चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालविण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेतली.

करारापोटी ते बडोद्यास नोकरीस गेले. तेथे अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना. पारशी लोकांच्या उतारशाळेतून त्यांना हुसकून लावण्यात आले, व थोड्याच दिवसांत ती नोकरी सुटली. मग शिकवण्या केल्या. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. स्थिर पगार आला. येथेच ते थांबते तर कोणी दोष दिला नसता. परंतु १९२० साली त्यांनी ती जागा सोडली. साठविलेला पैसा, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना ह्या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज, एवढ्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्‌सी. झाले. पुढच्या प्रबंधात परीक्षकांनी सुधारणा सांगितल्या तेव्हा पैसा सरला होता. म्हणून ते १९२३ साली मुंबईस परतले, प्रबंध येथे बसून सुधारला, येथूनच पाठविला, व त्याच वर्षी डी.एस्‌सी. मिळविली. कोलंबियाची पीएच.डी. तर १९२७ साली हाती आली. विद्या एकदा सोडली की गेली असे समजणाऱ्यांनी ही सने लक्षात घ्यावी.

पण हा सर्व काळ परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत रमाबाई संसार हाकीत होत्या. पैसे थोडे आणि तोंडे पुष्कळ. पाच लेकरांपैकी चार बालपणीच गेली, एकटा यशवंत वाढला. बाबासाहेबांनी पुढे पाकिस्तानविषयक ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत, आपल्याबरोबर दुःख सोसण्याच्या पत्नीच्या सिद्धतेचा उल्लेख केला. पण तो ग्रंथ निघाला तेव्हा रमाबाई ह्या जगात नव्हत्या. त्या १९३५ साली वारल्या.

आता विचार करा. बाबासाहेब यशस्वी झाले म्हणून रमाबाईंचे कष्ट योग्य ठरले, आणि आनंदीबाई वारली म्हणून तिचे जाणे अयोग्य ठरले, असे म्हणावयाचे काय? १९२० सालच्या आगबोटीवरच बाबासाहेबांचे बरेवाईट झाले असते तर रमाबाईंनी सोसलेली उपासमार अन्याय ठरली असती, आणि तसे झाले नाही म्हणून ती न्याय्य? हे मला पटत नाही. ज्या दिवशी निवड झाली त्या दिवशीच ती बरी की वाईट हे काही अंशी तरी ठरले पाहिजे. माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे ते एका गोष्टीवर ठरते: जिला किंवा ज्याला खर्च सोसावयाचा आहे, त्यास तो खर्च मोजून दाखविला होता काय, आणि 'नको' म्हणण्याची मोकळीक होती काय?

कोणी म्हणेल, आपल्या घरांतील बायका विचारले तरी 'हे म्हणतील तसे' हेच म्हणणार. खरे आहे, म्हणून एकदा विचारून भागत नाही. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून हिशेब करावा, हा दाखला आपण पुष्कळदा ऐकतो. परंतु बहुधा एकटा पुरुष बसून हिशेब करतो आणि विटा वाहते दुसरी. महिन्याचे भाडे किती, आईचे औषध किती, प्रबंध दोन वर्षांत न झाल्यास काय, हे दोघांनी एका वहीत लिहावे. आणि 'हे सर्व घरासाठीच' असे म्हणण्यापूर्वी त्याने स्वतःशी कबूल करावे की ह्यात माझी हौसही आहे. ज्ञानाची हौस हे पाप नव्हे, पण ती मुलीच्या नावावर खपविणे खोटेपणा होय. मंडळीविषयीही एक शब्द बोलतो. 'नोकरी धर' असे सांगणारे आपल्यात दहा मिळतात; भथेनांप्रमाणे कर्ज देणारा एकही नाही.

दोन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. तो विद्यापीठात गेला होता. ती घरीच बालवाडीची चित्रे कापीत बसली होती. जवळच्या बालवाडीत ती शिकविते. भरूचला गेल्यास हे काम सुटेल हे मला तोवर सुचलेही नव्हते. मी पुन्हा विचारले. पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "पाळकसाहेब, माझे डी.एड. पहिल्या वर्षानंतर राहिले. लग्न झाले, मग ही झाली. ह्यांचे अर्धे राहील म्हणून सगळे झुरतात. माझे अर्धे राहिले ते कोणी मोजले नाही. मलाही वाटले नव्हते की ते मोजायचे असते."

हे तू त्याला सांगितलेस काय, असे मी विचारले. तिने मान हलविली, नाही. मग मी तिच्या परवानगीने थांबलो. तो सात वाजता आला, आणि माझ्यासमोर तिने ते सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. शेवटी त्याने कपाटातून मुलीच्या नावाची एक कोरी वही काढली व तिच्यापुढे ठेवली.

वहीत आता तीन पाने भरली आहेत. त्याने आपल्या मार्गदर्शक अध्यापकांस दोन वर्षांची रजा मिळेल काय असे पत्र लिहिले आहे, आणि भरूचच्या आसपास डी.एड. कोठे पुरे करता येईल ह्याची चौकशी तिने चालविली आहे. आईने आंबिवली सोडावयाची की नाही, ह्या पानावर अजून काही लिहिलेले नाही. कारखान्याला उत्तर महिनाअखेर द्यावयाचे आहे.