बेडी कशासाठी?

५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. त्यात परत पाठवलेले १०४ भारतीय होते. बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे, तिघं आपल्या महाराष्ट्रातले. पुरुषांच्या हातांत बेड्या, पायांत साखळ्या. बेडीतल्या हातांनीच जेवावं लागलं, असं काहींनी घरी आल्यावर सांगितलं.

चोरवाटेनं गेले, मग तक्रार कसली, असं तेव्हा पुष्कळजण म्हणाले. परत पाठवण्याचा हक्क कुठल्याही देशाला असतो, हे मलाही मान्य आहे. पण व्हिसा नसणं म्हणजे दरोडा नव्हे. यांतल्या कित्येकांनी जमिनी विकून, कर्ज काढून एजंटांना लाखो रुपये दिले होते, पनामाचं जंगल पायी तुडवलं होतं. अशा थकल्याभागल्या माणसाला साखळदंड कशाला?

आणि आपण तरी काय करतो? त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई परिसरात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकलले गेले. ते भारतीयच निघाले. त्यांना परत आणावं लागलं. धाडण्याआधी त्यांचं म्हणणं एखाद्या न्यायाधीशानं ऐकून घ्यायला किती वेळ लागला असता?